नववी चाल

चंद्राबाईने घोडा उचलून पुढे ठेवला आणि बोटं पदराला पुसली. समोर बसलेल्या नसीरभाईंनी पटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पटाकडे पाहिलं.

“वैनी,” शेजारच्या पटावर ऐकू जाऊ नये म्हणून ते खाली वाकून बोलले, “वजीर जातुया तुमचा.”

“जातुया?”

“ह्यो काय माझा उंट. मदी घोडा हुता तवर वजीर झाकलेला हुता. आता वाट मोकळी झाली. घ्या माघारी. मी काय बघितलं न्हाई.”

“ठिवला त्यो ठिवला. घ्या तुमी.”

नसीरभाई पौडच्या पेठेत छत्र्या आणि बत्त्या दुरुस्त करायचे. कोळवण खोऱ्यातल्या बहुतेक बायकांना ते नावानिशी नाही तरी छत्रीनिशी ओळखत. अशा ओळखीच्या घरच्या बाईचा वजीर नवव्याच चालीला उचलायचा म्हणजे त्यांना अवघड वाटत होतं. त्यांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला, बाहेर लाऊडस्पीकरवर कुणाच्या तरी खोंडाचं नाव पुकारत होते ते उगाच ऐकल्यासारखं केलं. शेवटी उंट सरकवून त्यांनी वजीर मारला. मेलेली प्यादी पटाशेजारी आडवी पडली होती. तिथे त्याला न टाकता त्यांनी तो कडेला उभा करून ठेवला.

चंद्राबाईला हायसं वाटलं. आता अर्ध्या तासात हरायचं आणि बाहेर जाऊन भोपळे बघायचे.

मुळात ती इथे खेळायला आलीच नव्हती. त्रेसष्ट सालचा माघ होता. भातं झोडून झाली होती, माणसं रिकामी होती, आणि पौडला शेतकी प्रदर्शन भरलं होतं. मांडीएवढे मुळे, दोन माणसांनी उचलायचे भोपळे, झुली घातलेले बैल, आणि जपानी पद्धतीने भात कसा लावावा याची रंगीत चित्रं. चित्रातली बाई गुडघाभर चिखलात उभी राहून हसत होती. चंद्राबाई त्या चित्रापुढे बराच वेळ थांबली होती. चिखलात हसणारी बाई तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

गटविकास अधिकारी आगाशे साहेब नवे होते आणि त्यांना बुद्धिबळाचा नाद होता. म्हणून कुस्त्यांच्या जोडीला त्यांनी बुद्धिबळाचे सामनेही ठेवले होते. बक्षीस एक लोखंडी नांगर. ही बातमी कोळवणच्या पुढच्या वाडीत पोचली तेव्हापासून तिच्या सासऱ्यांना, हैबतराव ढमाल्यांना, चैन पडत नव्हतं. सत्तरी उलटलेली, उजवा पाय ओढत चालायचं, तरी सकाळच्या एसटीत चढताना त्यांनी काठी तिच्या हातात देऊन दांडा स्वतः धरला. ती आली ती त्यांना उतरवून घ्यायला आणि भाकरीचं गाठोडं सांभाळायला.

सामन्याला नावं आली सात.

“एक जण कमी पडतोय,” आगाशे साहेब म्हणाले. “अजून कुणी आहे का? नुसत्या चाली माहीत असल्या तरी पुरे.”

“ही माझी सून,” हैबतराव म्हणाले. “हिला येतंया.”

“मामंजी!”

“रोज बसती की माझ्यासंगं. हारती, पन बसती.”

मंडपात हशा पिकला. साहेबांनी क्षणभर विचार केला. पटावर एक बाई बसली तर पुण्याच्या वर्तमानपत्रात चार ओळी येतील, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी लगेच नाव लिहून घेतलं. त्यांचं दुसरं एक स्वप्न मात्र सातही जणांनी मिळून मोडलं. साहेबांना सामने नव्या साहेबी नियमांनी हवे होते, म्हणजे प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाणार.

“प्यादं म्हंजी पायी चालनारं मानूस, साहेब,” हैबतराव म्हणाले. “त्याला मोटार कशाला?”

त्यामुळे डाव देशी चालीने ठरला, एका वेळी एक घर. आणि चंद्राबाईच्या नावाची चिठ्ठी नसीरभाईंच्या चिठ्ठीबरोबर निघाली.

हारती, पन बसती. सासरे बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं. गेली अकरा वर्षं ती रोज हरत आली होती.

बावन्न साली हैबतराव भाताच्या भाऱ्यांच्या उंच उडवीवरून पडले आणि त्यांची मांडी मोडली. आदल्याच वर्षी सासूबाई, तुळजाबाई, गेल्या होत्या. ज्यांच्याबरोबर ते पट मांडायचे त्या दोघांपैकी एक वारले, दुसरे मुलाकडे लोणावळ्याला जाऊन राहिले. हैबतरावांनी खाटेवर भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. भाकरी पुढे ठेवली तर भाकरी तशीच. एके काळी त्यांच्याशी खेळायला ताम्हिणीपासून माणसं चालत यायची. तो माणूस आता ताटाला पाठ करून पोपडे मोजत होता. नवरा, जयसिंग, धरणावर कामाला, शनिवारचा घरी यायचा आणि रविवारी संध्याकाळी जायचा. त्याच्याजवळ बोलून उपयोग नव्हता. तेव्हा एका दुपारी चंद्राबाईने फळीवरची पिशवी काढली, खाटेजवळ पट पसरला आणि म्हणाली, “शिकवा मला.”

शिकवायचं म्हटल्यावर माणूस उठून बसतो. चुकलं तर ओरडतो, ओरडलं की त्याला तहान लागते, मग भूक लागते. असं करत करत हैबतराव जेवायला लागले. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी चंद्राबाई जिंकली. जाणूनबुजून जिंकावं एवढं तिला तेव्हा कळतही नव्हतं. हैबतरावांनी पटाकडे पाहिलं, “हं” म्हणाले, आणि भिंतीकडे वळले. दोन दिवस पाण्याखेरीज पोटात काही गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा पट मांडला आणि हरली. त्यांनी दीड भाकरी खाल्ली.

चंद्राबाईने त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

पण हरणं वाटतं तेवढं सोपं नसतं. वेंधळेपणाने हरलं तर हैबतराव म्हणायचे, “डोळं फुटलं का?” आणि पटावरनं हात काढून घ्यायचे. उशिरा हरायला गेलं तर भलत्याच ठिकाणी आपणच जिंकायला लागतो. एकच चूक हवी होती, लवकरची, खरी वाटेल अशी. म्हणजे नंतर मन लावून खेळायला हरकत नाही. ती चूक घडवायला तिला वर्ष लागलं. पहिल्या आठ चालींत ती एक जागा मोकळी ठेवायची. मोकळी जागा दिसली की कोणीही माणूस आपला उंट तिथे आणतोच. तिथून तो तिच्या घोड्यावर डोळा ठेवायचा, आणि घोड्याच्या मागे वजीर. नवव्या चालीला ती घोडा हलवायची.

“घोडा हलवायच्या आदी मागं कोन हुबं हाय त्ये बघावं मानसानं!” हैबतराव वजीर उचलता उचलता म्हणायचे.

मग तिने कपाळावर हात मारून घ्यायचा. रोज. रोज तीच चूक करणारी बाई सासऱ्यांना खरी कशी वाटते, याचं तिला पहिल्या पहिल्यांदा नवल वाटे. मग तिने वाडीतल्या बाकीच्या पुरुषांकडे नीट पाहिलं आणि नवल वाटायचं थांबलं.

वजीर गेल्यावर मात्र ती जीव ओतून खेळायची. त्याखेरीज त्या दुपारी जाणार कशा? दोन हत्ती, एक घोडा आणि मूठभर प्यादी यांच्याकडून काय काय करून घेता येतं हे तिला हळूहळू कळत गेलं. आठवड्यातनं एखाद्या दिवशी सरळ मात दिसायची. तेव्हा ती पटावर नेलेला हात तसाच पुढे नेऊन दुसरं काहीतरी हलवायची, आणि उठून चूल पेटवायची. हैबतराव दीड भाकरी खायचे. ही गोष्ट तिने जयसिंगला सांगितली नव्हती, माहेरी सांगितली नव्हती, विहिरीवर तर नाहीच नाही.

आणि आज सासरे दोन पट सोडून पलीकडे, तलाठ्यासमोर बसले होते. त्यांनी मान वळवून तिचा डाव नीट पाहिला, तर अकरा वर्षांचं सगळं उघडं पडणार होतं. मग पुन्हा ती खाट आणि ती भिंत. या वयात दोन दिवस उपाशी राहायचं म्हणजे काय, हे तिला सांगायला कोणी नको होतं. म्हणून हरायचं, आणि लवकर हरायचं.

पण नसीरभाईंच्या मनाला तो उभा वजीर लागला असावा. ते जपून जपून खेळायला लागले. तिचा हत्ती मारायची संधी आली तर त्यांनी न मारता प्यादं हलवलं. बाईला अजून किती लुटायचं, असं काहीतरी. इकडे चंद्राबाईचे हात त्यांच्या सवयीने चालू लागले होते. वजीर गेल्यानंतरचा पट म्हणजे तिचं स्वयंपाकघर होतं. कुठला डबा कुठे आहे ते बघावं लागत नव्हतं. हत्ती कडेच्या पट्टीत आला. घोडा मधे आला. नसीरभाईंचा राजा त्याच्याच माणसांच्या गर्दीत एका कोपऱ्यात सरकला.

तिला एकाएकी दिसलं. प्यादं एक घर पुढे सारायचं. बस्स. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला घोडा, राजाला हलायला घर नाही. प्याद्याने मात. देशी डावात याहून मोठी मात नाही. हैबतराव तरुणपणच्या अशा तीन डावांच्या गोष्टी अजून सांगत. घरी ती आठ-दहा वेळा तिच्या हाताशी आली होती आणि तिने ती तशीच जाऊ दिली होती.

तिने हळूच पलीकडे पाहिलं. पांढरा फेटा, वाकलेली पाठ, तलाठ्याच्या पटाशी. पाठ हलत नव्हती.

एकदाच, तिला वाटलं. तिने प्यादं सारलं.

“शह,” ती म्हणाली. आवाज असा निघाला की जणू कुणाकडे विरजण मागत होती.

नसीरभाईंनी राजावर बोट ठेवलं, एका घरात नेलं, परत आणलं. दुसऱ्या घरात नेलं, परत आणलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ते पटाकडे बघत राहिले आणि मोठ्याने हसले.

“या खुदा! प्याद्यानं!” ते उभे राहिले आणि त्यांनी कपाळाला हात लावून तिला सलाम केला. “वैनी, तुमचा वजीर मी मारला न्हाई. तुमी मला त्यो चारला.”

“आवो हळू बोला—”

“झालं का?” तिच्या पाठीमागून आवाज आला.

हैबतराव काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. पलीकडच्या पांढऱ्या फेट्याने तेवढ्यात मान वळवली. तो भलताच कोणीतरी होता. मंडपात पांढऱ्या फेट्यांच्या पाठी पन्नास तरी असतील.

“तुमचा डाव?” तिने विचारलं.

“तलाठ्याला घाई हुती. त्याचं बैल हायेत परदर्शनात. पंदरा चालीत आटपला.”

“कवा आला तुमी हितं?”

“मघाच. ह्यो कडंला नुकताच हुबा राहिला हुता तवा.” त्यांनी काठीच्या टोकाने पटाशेजारचा वजीर दाखवला. “चल, भाकरी खाऊ.”

तळ्याकाठच्या आंब्याखाली त्यांनी गाठोडं सोडलं. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. हैबतरावांनी कांदा बुक्कीने फोडला आणि जेवायला लागले. चंद्राबाई भाकरीचा तुकडा हातात धरून बसली. ते काही म्हणतील म्हणून ती थांबली होती. त्यांनी एक भाकरी संपवली, अर्धी घेतली.

“कितव्या चालीला गेला वजीर?”

“नवव्या.”

“हं.”

या “हं”चा अर्थ तिला लावता येईना. अकरा वर्षांपूर्वीचा “हं” तिच्या अजून कानात होता. त्याच्याशी हा तिने ताडून पाहिला. तो जड होता. हा नुसताच कोरडा होता, सुकटीमुळेही असेल. हैबतरावांनी तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायलं, मिशा पुसल्या आणि काठीकडे हात केला.

“उठ. चिठ्ठ्या काढायच्यात.”

चार जण उरले होते. आगाशे साहेबांनी पहिल्या दोन चिठ्ठ्या उलगडल्या, वाचल्या, आणि चष्मा वर करून पुन्हा वाचल्या.

“हैबतराव ढमाले. आणि, सौभाग्यवती चंद्राबाई ढमाले.”

“घरचा कज्जा साहेबांच्या पुढ्यात आला रं!” कोणीतरी ओरडलं. कुस्त्या अजून सुरू व्हायच्या होत्या, त्यामुळे रिकामी माणसं होती ती सगळी या पटाभोवती जमली. नसीरभाई दुकान उघडायचं सोडून चंद्राबाईच्या मागे येऊन उभे राहिले.

जाजमावर बसता बसता तिने मनाशी सगळं लावून घेतलं. आज रोजच्यासारखंच खेळायचं. रोजच्या आठ चाली, नववीला घोडा, कपाळावर हात. रोजच्यासारखी हरले की नसीरभाईंचा डाव आपोआप आंधळ्याचा दगड ठरेल आणि संध्याकाळी घरी चूल नेहमीसारखी पेटेल.

डाव सुरू झाला. तांबडी तिची, हिरवी त्यांची. आठ चाली अशा झाल्या की दोघांपैकी कोणाला पटाकडे बघायचीही गरज नव्हती. हैबतरावांचा उंट त्याच्या जागेवर येऊन बसला. चंद्राबाईने घोडा हलवला आणि हात कपाळाकडे न्यायला सुरुवात केली.

हैबतराव बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी उंट उचलला. मागे नसीरभाईंनी जोरात श्वास सोडला.

उंट हवेत थोडा वेळ थांबला. मग तो ज्या तिरक्या वाटेने आला होता त्याच वाटेने मागे गेला, एक घर, दोन घरं, थेट आपल्या मूळ घरात. हैबतरावांनी तो तिथे नीट मधोमध ठेवला.

“तुजी चाल.”

चंद्राबाईचा हात कपाळाला लागलेला होता. तिने तो खाली घेतला.

वजीर जागेवर होता. दहाव्या चालीला आपला वजीर कसा दिसतो हे तिने अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही तळवे काठीवर ठेवले होते आणि ते बैलबाजारात बसल्यासारखे शांत बसले होते. नजरचूक नव्हती. तेवढं तिला कळलं.

ठीक आहे, तिने ठरवलं. आता हरणं चालणार नाही, ते बघतायत. मग जिंकायचं, पण हळूहळू, त्यांना फार लागणार नाही अशा बेताने. वजीर नसतानाही जिंकू नये म्हणून ती रोज हात आवरत आली होती. आता तर वजीर होता.

तिने वजीर पुढे काढला.

त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या चालीला तिच्या ध्यानात आलं की हा वजीर कुठे ठेवायचा हेच आपल्याला माहीत नाही. जिथून तिचे हत्ती धावायचे त्या वाटेत तो उभा राहायचा. त्याला बाहेर काढलं तर हैबतरावांचं एक प्यादं एक घर पुढे यायचं, तो पळायचा. दुसरं यायचं, पुन्हा पळायचा. पाव्हण्याला कुठे बसवावं कळू नये तसं तिचं झालं. त्यात तो मरू नये ही धास्ती. त्यांचा घोडा मारायची छान संधी होती, पण मग वजीर उघडा पडला असता. आणि उघडा पडलेला वजीर कसा जातो हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिने एक हत्ती कडेला नेला. हैबतरावांनी एकदाच डोळे वर करून तिच्याकडे पाहिलं.

आणि समोर कोण बसलंय तेही तिला ओळखता येईना. घरी ते पोटभर जेवलेल्या माणसासारखे खेळायचे, सावकाश, बोलत बोलत. आता तोंडातून शब्द नव्हता. एरवी कपबशी धरताना थरथरणारा हात पटावर येत होता आणि काम करून जात होता. ताम्हिणीहून माणसं का चालत यायची ते तिला आता, पाठीला घाम फुटल्यावर, समजत होतं. तिने या माणसाला कधी खेळताना पाहिलंच नव्हतं.

मग ती खेळली. कुणाला लागेल, कुणाला नाही, सगळं तिच्या मनातून गेलं. पदर डोक्यावरून खाली आला होता, सासऱ्यांसमोर, चाळीस पुरुषांत, आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. ओठ दाताखाली धरून तिने हत्ती मधे आणला, प्यादी पुढे सारली, एकदा शह दिला, दुसऱ्यांदा दिला. मागे कोणीतरी “वा” म्हणालं. हैबतरावांनी राजा एक घर बाजूला केला आणि पुढच्या चालीला घोडा अशा ठिकाणी आणून ठेवला की ती तिथे नुसती बघत राहिली.

“शह,” ते म्हणाले.

तिने राजा हलवला.

“मात.”

तिने घरं मोजली. पुन्हा मोजली. नसीरभाई खाली वाकून तिच्याबरोबर मोजत होते. तेही शेवटी सरळ झाले.

“हारले,” ती म्हणाली. हा शब्द तिने चार हजार वेळा उच्चारला असेल. आज तो म्हणताना तिचा हात कपाळाकडे गेला नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आगाशे साहेबांनी हैबतरावांचा हात हातात घेतला. “आता शेवटचा सामना. पिरंगुटचे मास्तर आणि तुम्ही. चार वाजता बसू.”

“मास्तरांस्नी द्या नांगर.”

“अहो, असं कसं? तुम्ही नक्की जिंकाल.”

“गाडी सव्वाचारची हाय, साहेब. आन् माझा डाव झाला.”

पिरंगुटला भाड्याच्या खोलीत राहणारे मास्तर तो नांगर कुठे ठेवणार होते, हा त्यांचा प्रश्न.

स्टँडच्या वाटेने चंद्राबाई दोन पावलं पुढे चालत होती. एरवी ती त्यांच्या पायाच्या बेताने चालायची. गाठोडं तिने काखेत इतकं दाबून धरलं होतं की आतला तांब्या बरगडीला रुतत होता. वडाच्या पारापाशी ती थांबली.

“रोज घेत हुता मग आज का न्हाई घेतला?”

“रोज तू देत हुतीस म्हनून घेत हुतो.”

“म्हंजी तुमाला ठावं हुतं?”

“रोज तीच चूक कोन करतं, चंद्रा?” ते काठी टेकत तिच्यापर्यंत आले. “मी उडवीवरनं पडलो ते मांडीवर पडलो. डोक्यावर न्हाई पडलो.”

अकरा वर्षं कपाळावर मारलेले हात एकदम आठवले आणि तिचे कान तापले.

“सांगायचं तरी.”

“काय सांगायचं? त्यापरास बरं चाललं हुतं. वजीर गेल्यावर तू लई ग्वाड खेळतीस.” ते थोडं चालले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, “पन त्या छत्रीवाल्याला प्याद्यानं मारलंस. मला अकरा वर्सांत येकदा बी न्हाई मारलंस. मात दिसली न्हाई म्हनू नगंस, मी बघत हुतो तुजा हात.”

एसटी धुरळा उडवत वळून आली. माणसं धावली. हैबतरावांनी दांडा धरला आणि वर चढता चढता मान मागे वळवली.

“वजीर असल्यावर तुला कायबी सुचत न्हाई.”

“सुचंल कुटनं? ठिवू दिला का कवा तुमी?”

“मी? टाकीत कोन हुतं?”

कंडक्टर म्हणाला, “आजोबा, भांडान आत बसून करा.”

कांद्याच्या पोत्यांमागे दोन जागा मिळाल्या. गाडी सुटली तसे हैबतराव टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. बाहेर कापलेल्या भातांची खाचरं, त्यात सोडलेली गुरं, मधेच एखादा हिरवा हरभरा. चंद्राबाईने गाठोडं मांडीवर घेतलं. दुपारची तिची भाकरी तशीच होती. गाठ सुटली होती ती तिने पुन्हा मारली. भूक नव्हती.

ती बोटांची पेरं मोजत होती. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. पलीकडच्या बाकावरची बाई तिच्याकडे बघून सरकून बसली; जप चाललाय असं तिला वाटलं असावं.

“सोळाव्या चालीला हत्ती हलवायला नगं हुता,” चंद्राबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

हैबतरावांनी डोळे उघडले नाहीत.

“सतराव्या.”

तिने पेरं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. कोळवण आलं, निम्मी गाडी उतरली, आणि तिचा अंगठा अजून तेराव्या चालीवर होता.